हुद्दारबाईंचं कपाट

हुद्दारबाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहिल्या जातील, कारण त्या खऱ्या आहेत. पण त्या वाचून या लिंगोजीरावाने सगळं विसरून माफ केलं असं कुणी समजू नये. माझा स्वभाव विसरण्याचा नाही. विसराळू माणसाला बेंगळूरच्या पेठेत दुकान उभं करता येत नाही.

दुकान म्हणजे चामराजपेटेतल्या गल्लीतली एक लांबट खोली. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथे जरीसाठी चांदीची तार ओढायचे. भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, मग त्याहूनही, असं करत शेवटी केसालाही लाजवील इतकी. तार झाली की आप्पा ती उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून हळूहळू सरकवत. डोळे मिटलेले. "इथे स्वल्प जाड आहे," म्हणत. मला तिथे काही लागायचं नाही, पण तराजूवर ते खरं ठरायचं. पुढे यंत्राची जर आली, आणि आमचा धंदा बसला. मी शाळा सोडून मोटारींच्या कॉइली गुंडाळायला शिकलो, मग रिले दुरुस्त करायला, मग ज्याला जे बारीक हवं ते करून द्यायला. कुणी हात दिला नाही. मी कुणाला दिला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एक दिवस दुपारी दारात एक उंच, किडकिडीत बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असावी. पांढरी सुती साडी, हातात पुरुषी छत्री आणि एका कानात कापसाचा बोळा. आत आली नाही. मान वाकडी करून माझ्या तार ओढायच्या बाकाचा आवाज ऐकत राहिली. गिऱ्हाईक असं उभं राहिलं की मला राग येतो. म्हटलं, "काय पाहिजे अक्का?"

"तुमचा बाक डावीकडे रडून राहिला," त्या म्हणाल्या. "तेल द्या त्याला."

आमच्या घरी मराठीच, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून ती ऐकून मी चमकलो. नागपूरच्या होत्या. एका मोठ्या इस्पितळात, मेंदूच्या ऑपरेशनच्या विभागात त्या यंत्रांवर काम करत. डॉक्टर नव्हत्या, भौतिकशास्त्र शिकलेल्या. त्यांना मेंदूत घालायच्या सुया हव्या होत्या. परदेशातून मागवलेल्या चार-चार महिने येत नसत, आणि आल्या की मोडलेल्या निघत.

"किती बारीक टोक पाहिजे?"

"दिसायला नको."

"जे दिसत नाही त्याचा भाव कसा करायचा?"

"भाव तुम्ही सांगा. टोक मी ऐकून घेईन."

मी तोंडाला येईल तो भाव सांगितला, तिप्पट. माझा हिशेब असा की बाई किंचाळतील, छत्री उचलतील, मी त्यांना पायरीवरून परत बोलवीन, आणि मग खरी गंमत सुरू होईल. बाई म्हणाल्या, "सरी." म्हणजे ठीक आहे. कन्नडमधला तेवढाच शब्द त्यांना येत असावा. आणि निघून गेल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझ्याशी भाव न करणारा माणूस मला अजूनही अपमान करणारा वाटतो.

सुई करायची रीत त्यांनीच शिकवली. दिव्यात असते तसल्या टंगस्टनची तार घ्यायची, कॉस्टिकच्या पाण्यात बुडवायची, हलका करंट सोडायचा. तारेभोवती बुडबुडे येतात आणि धातू झिजत जातो. वर-खाली, वर-खाली, हाताने. आठवडाभरात मला जमलं. मग सुईला अंगभर लाखेसारखं आवरण द्यायचं आणि फक्त टोक उघडं ठेवायचं. प्रत्येक सुईला मी वर एक पितळी टोपी बसवायचो आणि टोपीवर आकडा कोरायचो.

पहिल्या वीस सुया घेऊन मी इस्पितळात गेलो. बाईंची खोली तळघरात. दाराबाहेर चपला काढायच्या, आत पंखा नाही, भिंतीवर घड्याळ नाही. टेबलावर मिठाच्या पाण्याचा पेला. त्या एकेक सुई पेल्यात बुडवत, वायर जोडत आणि स्पीकरच्या कर्ण्यासमोर डोळे मिटून बसत. मला सगळ्या सुयांचा एकच आवाज ऐकू यायचा, गॅसची शेगडी बारीक चालू असावी तसा. बाई म्हणत, "ही बोलते." पुढची. "ही मुकी." पुढची. "हिच्या अंगावरची लाख फुटली आहे, टोकाच्या वर. दोन केस अंतरावर."

विसांतल्या तेरा नाकारल्या. मी चिडलो. म्हटलं, "भिंग तरी लावून बघा!"

"भिंगाने टोक दिसतं, लिंगोजीराव. सुई नाही दिसत."

घरी येऊन मी भिंग लावलं. लाख फुटली होती, टोकाच्या वर, त्यांनी सांगितलं तिथेच. मी ते त्यांना कधी कळू दिलं नाही.

बाईंच्या सवयी विचित्र होत्या. घरी रेडिओ नव्हता. गाणं लागलं की त्या उठून जात. रस्त्यावर एका कानात बोळा घालत, दुसऱ्यात नाही. का, ते विचारलं तर म्हणाल्या, "एक कान कामाचा आहे. जपावा लागतो." बोलताना मध्येच थांबून माझ्या मागे पाहत, आणि मी वळलो तर तिथे काही नसे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आवाज आहे म्हणजे कोणी तरी आहे." नळ ठिबकत असला तरी हेच. पहिल्यांदा मी हसलो होतो.

एकदा त्यांनी मला बोटाएवढी बाटली दिली. आत डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल पाणी. म्हणाल्या, "हे सोनं आहे." गावातल्या कुठल्या तरी संशोधन संस्थेतल्या मित्राने करून दिलं होतं, टोकावर सोन्याचे कण चढवले तर सुईला आणखी बारीक ऐकू येईल, असा त्यांचा विचार होता.

मी जरीवाल्याचा मुलगा. मला सोनं शिकवता? म्हटलं, "बाई, तुम्हाला कुणी तरी रंग विकलाय."

"कण इतके बारीक केले की सोनं पिवळं राहत नाही. लाल होतं."

"आणि चांदी?"

"चांदी पिवळी."

मी बाटली घेऊन आलो आणि फळीवर ठेवली. महिने गेले. गाळ खाली बसेना. रोज सकाळी दुकान उघडलं की ती लाल बाटली माझ्याकडे बघते आहे असं वाटायचं. शेवटी एक दिवस न राहवून मी त्यात मिठाचं पाणी टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत लालाचं जांभळं झालं, जांभळ्याचं निळं, आणि दुपारपर्यंत तळाला काळी भुकटी. बाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "एकमेकांना चिकटले बिचारे. एकटे होते तोवर लाल होते." त्या हे अशा सुरात म्हणाल्या की मी ती भुकटी टाकून दिली नाही. अजून आहे.

आता आप्पांचं सांगतो.

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायला लागली, तेव्हा आम्हाला काही वाटलंच नाही. तार तपासायची तीच त्यांची सवय. फक्त आता हातात तार नसायची. जेवताना, देवापुढे, झोपेआधी, दोन बोटं चालूच. मग पूर्ण हात हलायला लागला. कपातला चहा बशीत, बशीतला धोतरावर. औषधाने दोन वर्षं बरं गेलं, मग औषधही ऐकेना. आप्पांनी हात पंच्याखाली लपवायला सुरुवात केली. गल्लीतल्या लोकांसमोर ते बाहेर यायचे बंद झाले.

बाईंच्या विभागात याच रोगाची ऑपरेशनं होत. डोक्याला छोटं भोक पाडून माझी सुई आत सोडायची, हात हलवणाऱ्या पेशी नेमक्या कुठे आहेत ते आवाजावरून शोधायचं, आणि तेवढ्या जागेवरचा दाण्याएवढा भाग उष्णतेने जाळून टाकायचा. हात थांबतो. पण रांग मोठी होती. मी बाईंशी प्रथमच खरा सौदा केला. म्हटलं, "यापुढे परक्या कुणालाही सुया देणार नाही, फक्त तुम्हाला. आप्पांना रांगेत वर घ्या."

बाईंनी विचारलं, "त्यांना विचारलं का?"

"काय विचारायचंय? हात हलतो, थांबवायचा."

"सरी," म्हणाल्या. त्यांच्या त्या 'सरी'ने मला पुन्हा हरल्यासारखं वाटलं.

ऑपरेशनच्या आठवड्यात मी एक काम केलं. ते इथे लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. बाई सुया ऐकून कोणती कुणासाठी ते ठरवत, आणि त्या सुया माझ्याकडे काचेच्या नळीत बसवायला परत येत. त्या खेपेला एक्केचाळीस नंबरची सुई अप्रतिम झाली होती. बाई स्वतः म्हणाल्या होत्या, "ही गाते." ती त्यांनी एका शाळेतल्या बाईंसाठी ठेवली, त्यांचा आजार अवघड होता. आप्पांना बेचाळीस. मी दुकानात बसून दोन्हींच्या पितळी टोप्या बदलल्या. एक्केचाळीसची सुई बेचाळीसच्या टोपीखाली. पाच मिनिटांचं काम. कोण बघतंय?

आप्पांच्या वेळी मला काचेपलीकडे उभं राहू दिलं. आप्पा जागे होते. जागंच ठेवावं लागतं. डोकं लोखंडी चौकटीत आवळलेलं, आणि हात चादरीवर फडफडतोय. मोठे डॉक्टर कन्नडमध्ये त्यांना धीर देत होते. बाई कोपऱ्यात, डोळे मिटून, बोळा काढलेला. सुई आत जायला लागली आणि खोलीतल्या कर्ण्यातून आप्पांचं डोकं ऐकू यायला लागलं.

मला वाटलं होतं एक आवाज असेल. ते तर गाव होतं. मोहरी तडतडावी तसं काही, मग एकदम शांतता, मग कुणी तरी जिभेने टक् करावं तसं. बाई पुटपुटत होत्या, "हा म्हातारा खोकून राहिला... ही वेगळीच कोणी... पुढे चला." मग कुठल्या पेशीला कुठला स्पर्श कळतो ते बघायला त्यांनी आप्पांच्या ओठाला कापूस लावला आणि कर्णा फुत्कारला. तळहाताला लावला, काही नाही. "थोडं खाली."

आणि मग तो लागला. टर्र, टर्र, टर्र, टर्र, आणि एक अडखळ. पुन्हा चार आणि अडखळ. चादरीवर आप्पांचा हातही तसाच हलत होता, चार आणि अडखळ. मला तो ठोका माहीत होता. तार शेवटच्या भोकातून ओढताना आप्पा तसेच ओढत, चार झटके आणि एक सैल. आमच्या दुकानाचा तो आवाज होता, मी पाळण्यात असल्यापासूनचा.

"हाच," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांचा एक नियम होता, मोठे डॉक्टरसुद्धा तो पाळत. जाळायच्या आधी एक पूर्ण मिनिट कुणी बोलायचं नाही. बाई टेप चालू करत आणि तो आवाज भरून घेत. मग म्हणत, "घ्या." डॉक्टरांनी बटण दाबलं. हात थांबला. कर्ण्यात नुसती शेगडी राहिली.

आप्पा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. सगळे आनंदात. मी काचेवर डोकं टेकून रडलो. बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या कॅसेटच्या कडेवर नंबर लिहीत होत्या.

त्या कॅसेटी त्यांच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात असत. एकदा मी विचारलं होतं, यांचं करता काय? त्या म्हणाल्या, "ज्यांचे आवाज आहेत त्या पेशी आता नाहीत. आपणच जाळल्या. त्या जगात कुठे असतील तर या कपाटात." आणि कपाटाला किल्ली लावली. त्या दिवसापासून मी त्या कपाटाकडे पाठ करून बसत नसे.

हात स्थिर झाला. आप्पा चहा प्यायला लागले, सही करायला लागले. पण तारेला हात लावेनात. मी तारेची एक गुंडाळी समोर ठेवली. त्यांनी दोन बोटांत तार धरली, सरकवली, आणि ठेवून दिली.

"काय झालं आप्पा?"

"काही सांगत नाही रे. हात गप्प झाला."

दोन वर्षांनी ते अंथरुणाला लागले. हाताचा संबंध नव्हता, वय झालं होतं. आणि त्यांनी एकच धरून बसायला सुरुवात केली. "त्या दिवशी कर्ण्यात आला होता ना, तो आवाज. एकदा ऐकव." रोज. जेवायला बसवलं की, "बेडा, नको. आधी ऐकव." मी शब्द दिला. शब्द दिला की मी पाळतो. धंद्यात त्यावरच उभा आहे.

बाई नाही म्हणाल्या. कपाटातली कॅसेट बाहेर जात नाही. मी विनवलं, भांडलो, सुया बंद करीन म्हटलं. त्या म्हणाल्या, "करा बंद." तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि खरं ते बोललो. "बाई, ते मरतायत. त्यांना दुसरं काही नकोय."

"मग त्यांना इथे आणा," त्या म्हणाल्या.

दुपारी ऑटोत घालून आप्पांना आणलं, तळघरात उचलून नेलं. बाईंनी नोंदवहीत नाव काढलं: बेचाळीस. कपाट उघडलं, बेचाळीसची कॅसेट लावली. टर्र, टर्र, टर्र. एकसारखा, अडखळ नसलेला.

आप्पांनी मान हलवली. "हा माझा नाही, अक्का."

"आप्पा, वहीत लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"वहीत असेल. माझा नाही."

बाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी कॅसेट सुरुवातीला नेली, जिथे सुईचा नुसता शेगडीसारखा आवाज असतो, तो ऐकला, आणि माझ्याकडे वळल्या. "ही बेचाळीसच आहे. मी सुई ऐकून नंबर लिहिते, टोपी पाहून नाही; टेबलावर कोण आहे तेही तेव्हा डोक्यात नसतं. वहीत नर्स टोपी पाहून लिहितात." त्यांनी वही मिटली. "लिंगोजीराव, टोप्या काहून बदलल्या?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आप्पा समोर होते. मी सांगितलं.

"शाळेतल्या त्या बाईंना दुसऱ्यांदा टेबलावर यावं लागलं," हुद्दारबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "नळीत बसून आलेली सुई मी आधी पुन्हा ऐकते, त्या आठवड्यात ऐकली नाही, घाई होती. मला वाटलं माझा कान गेला. सहा महिने मला तसंच वाटून राहिलं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला जास्त लागलं.

बाईंनी एक्केचाळीसची कॅसेट काढली. लावली. शेगडी. मग चार आणि अडखळ.

आप्पांनी डोळे मिटले. तोंडावर हसू आलं. आणि मग पांघरुणावरचा त्यांचा उजवा हात, दोन वर्षं दगडासारखा स्थिर असलेला, हलायला लागला. आधी अंगठा. मग अंगठ्यावर तर्जनी. चार, आणि अडखळ. जे जाळून टाकलं होतं, जे त्या डोक्यात आता नव्हतं, त्याच्याच तालावर.

मी बाईंकडे पाहिलं.  त्यांनी झटक्याने टेप बंद केली. खोली शांत झाली. आप्पांचा हात थांबला नाही. मी मोजलं: चार, अडखळ. चार, अडखळ. चार. मग थांबला.

"बंद का केलं अक्का?" आप्पा म्हणाले. "आला होता तो."

जिन्यावर मी बाईंना म्हटलं, "तुम्ही पाहिलंत."

"ताल ऐकला की हात धरतो. कोणाचाही धरतो."

"बंद केल्यावरही?"

"मी काही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

ज्या बाईने दोन केसांच्या अंतरावरची भेग ऐकून सांगितली, जिने प्रत्येक मेलेल्या पेशीची नोंद ठेवली, ती म्हणाली मी काही पाहिलं नाही. हे कुठे लिहिलं नाही, मोठ्या डॉक्टरांना सांगितलं नाही. आणि कॅसेटही दिली नाही. आप्पा अकरा दिवस विचारत राहिले, बाराव्या दिवशी गेले. मी सुया बंद केल्या. त्यांनी निरोपही पाठवला नाही.

दशक संपत आलं तेव्हा टपालाने एक पाकीट आलं. आत एक्केचाळीसची कॅसेट. चिठ्ठी नाही. मी दुकानाचं दार लावून घेतलं, हात धुतले, आप्पांच्या फोटोसमोर टेपरेकॉर्डर ठेवला. लावली. काही नाही. शेगडीसुद्धा नाही. पुढे नेली, उलटी केली. कोरी.

मी तसाच बस पकडून इंदिरानगरला गेलो. बाई निवृत्त होऊन एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगणात झाडाखाली पाचोळा. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, बसमध्ये दोनदा घोळवून ठेवल्या होत्या.

"कॅसेट पुसलीत," मी म्हटलं. "माझ्या बापाचा आवाज पुसलात!"

"बसा, लिंगोजीराव."

"बसत नाही. का पुसलीत ते सांगा."

"घाबरले," बाई म्हणाल्या. एवढं साधं उत्तर माझ्या तयारीत नव्हतं. "त्यानंतर मी ती रोज लावत होते. खोटं ठरवायला. मग एक दिवस लावली नाही, तरी ऐकू आली. म्हणून पुसली."

मी काही बोलणार तेवढ्यात मला त्यांचा हात दिसला. उजवा, खुर्चीच्या दांड्यावर. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सरकत होती. बारीक तार तपासावी तशी. मी नकळत मोजायला लागलो. चार, आणि अडखळ.

त्यांनी माझी नजर पाहिली आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं, एखादं मूल शेजारच्या घरातून आलेलं असावं तसं.

"डॉक्टर म्हणतात तोच रोग आहे," त्या म्हणाल्या. "या वयात होतो. आश्चर्य नाही."

"ऑपरेशन?"

"नाही." मग हसल्या, त्यांना हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. "ते मिनिट कोण ऐकेल माझ्यासाठी?"

मी बसलो.  त्यांनी विचारलं, "तोच आहे नं? तुम्ही सांगा. माझा कान आता मला खात्रीचा वाटत नाही." पहिल्यांदा हुद्दारबाई मला विचारत होत्या. मी नाही म्हणू शकलो असतो. रोगाचा हात आहे बाई, सगळ्यांचा असाच हलतो, असं म्हणून त्यांना मोकळं करू शकलो असतो. की हो म्हटल्यानेच त्या मोकळ्या होणार होत्या?

"तोच," मी म्हटलं.

"सरी," त्या म्हणाल्या, आणि मान एका बाजूला कलती करून ऐकायला लागल्या. मी उठलो ते त्यांना कळलं नसावं. फाटकातून वळून पाहिलं तर त्या तशाच होत्या. डोळे मिटलेले, कानात बोळा नाही, आणि दांड्यावरची दोन बोटं कुठली तरी न दिसणारी तार हळूहळू पुढे सरकवत होती. एका जागी थांबली, तिथे जरा जाड लागलं असावं.

राग आहे तो कॅसेट पुसल्याचा नाही. ते माझं मला उमगायला वेळ लागला. आप्पांचा ठोका आमच्या घरचा. तो त्या दुपारी तळघरात सुटा झाला तेव्हा खोलीत आम्ही दोघं होतो, आणि तो त्यांच्याकडे गेला.

मी रोज सकाळी दुकान उघडलं की बाकावर बसतो, अंगठा आणि तर्जनी जुळवतो, आणि वाट पाहतो. माझा हात अगदी स्थिर आहे.